आमच्या सणाचा पुरावा

८ सप्टेंबर २०२४ ला, मारिया मातेच्या म्हणजे येशूच्या आईच्या जन्मदिवसाच्या सणाला, आमच्या गावात तिची पालखी निघाली. मेन रोडने, बसस्टँडवरून, थेट नदीच्या घाटापर्यंत. याआधी ती अशी गावातून गेलेली पाहिलेले लोक आता चाळिशीच्या पुढचे आहेत. मधली तीसेक वर्षं पालखी चर्चच्या कुंपणाच्या आतच एक फेरी मारून परत वेदीजवळ जायची. गावातून न्यायची परवानगी मिळवायला आम्हाला जवळजवळ दोन महिने लागले. विदर्भात आमच्यासारखीच साठ-सत्तर घरांची कितीतरी पॅरिश, म्हणजे एकेका चर्चच्या वस्त्या, आहेत. तिथल्या कुणावर ही जबाबदारी आली तर पहिलं पाऊल कुठे टाकायचं हेच कळत नाही. मलाही कळत नव्हतं, म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

मी वऱ्हाडातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझं माहेर आणि सासर याच गावात, मध्ये फक्त दोन गल्ल्या. पॅरिश कौन्सिलची सचिव म्हणून माझं पहिलंच वर्ष होतं. १४ जुलैच्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, झाल्यावर बैठक झाली. आमचं चर्च मातेच्या जन्माच्या नावाने आहे आणि यंदा ८ सप्टेंबर रविवारी येत होता. बाहेरगावी गेलेली पोरं येऊ शकणार होती. म्हातारी मंडळी एकदम म्हणाली, "यंदा पालखी गावातून न्याची." फादरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी वहीत लिहून घेतलं: परवानगी, सचिव.

एक गोष्ट आधी सांगते, कारण आमचा एक आठवडा त्यातच गेला. संतांचा किंवा मातेचा सण रविवारी आला तर बहुतेक वेळा रविवारचीच मिस्सा होते, सण मागे पडतो. पण चर्च ज्या नावाने आहे तो सण त्या चर्चमध्ये साध्या काळातल्या, म्हणजे नाताळ-ईस्टरसारख्या खास काळांबाहेरच्या, रविवारीही साजरा करता येतो. फादरांनी बिशप हाऊसला फोन करून खात्री केली, मगच आम्ही पत्रिका छापायला टाकली.

२३ जुलैला ग्रामपंचायतीत अर्ज दिला. ग्रामसेवक आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारीच भेटतात, हे धरूनच निघायचं. अर्जाच्या दोन प्रती नेल्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. विषय मासिक सभेत ठेवला गेला आणि ६ ऑगस्टला ना हरकत हातात पडली. सरपंचबाईंनी सहीच्या आधी एकच विचारलं, "जेवण सगळ्या गावाले आहे ना?" मी हो म्हटलं. तेव्हा त्याचा खर्च मी धरलेला नव्हता.

१२ ऑगस्टला पोलीस ठाण्यात गेले. ठाणं आमच्या गावापासून १४ किलोमीटर. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे पाच-सहा चकरा परवडल्या. याआधी मी ठाण्याची पायरी कधी चढले नव्हते. सोबत कौन्सिलचे एक काका होते, तरी दारात पाय जड झाले. मिरवणुकीचे अर्ज गोपनीय विभाग पाहतो. तिथल्या हवालदारांनी खुर्ची दिली, अर्ज वाचला आणि विचारलं, "हा कोणता सण, ताई?"

मी म्हटलं, येशूच्या आईचा जन्मदिवस. त्यांना नीट उमगलं नाही. मग म्हटलं, मुंबईला बांद्र्याची जत्रा भरते ना, माउंट मेरीची, तोच सण. त्यांचा चेहराच बदलला. नोकरीच्या सुरुवातीला ते मुंबईत होते आणि त्या जत्रेला त्यांनी दोन वर्षं बंदोबस्त केला होता. मेणबत्त्यांच्या रांगा, मेणाचे हात-पाय विकणारे, सगळं त्यांना आठवत होतं. मी तमिळनाडूतल्या वेलांकण्णीचंही सांगितलं, की तिथे २९ ऑगस्टला झेंडा चढतो आणि ८ सप्टेंबरला सण पूर्ण होतो.

पण नियम तो नियम. ते म्हणाले, "नवीन मिरवणुकीची प्रथा पाडता येत नाही. मागची परवानगी असेल तर जोडा. दोन तारखेला पोळा, तीनला तान्हा पोळा, सातला गणपती बसतात. आठला माणसं मी आणू कुठून?" मग त्यांनी कागदांची यादी दिली. ग्रामपंचायतीची ना हरकत, मार्गाचा नकाशा, दहा स्वयंसेवकांची नावं, मोबाईल नंबर आणि आधारच्या झेरॉक्स, साऊंडवाल्याचं नाव-पत्ता, तेव्हा चालणाऱ्या १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र. आणि सगळ्यात वर, जुन्या परंपरेचा पुरावा.

परत येताना खिडकीतून पऱ्हाटी पाहत बसले. पालखी मी स्वतः पाहिलेली आहे. आठ-दहा वर्षांची होते, बाबांच्या खांद्यावर बसून. नदीवर आम्ही मुलींनी पाण्यात झेंडूची फुलं सोडली होती. ते सगळं डोळ्यासमोर आहे, पण ठाण्यात ते कशावर लिहून देणार?

१५ ऑगस्ट आमच्याकडे दुहेरी दिवस असतो. स्वातंत्र्यदिन आणि मातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. झेंडावंदन आणि मिस्सा झाल्यावर मी म्हाताऱ्यांना चर्चच्या ओट्यावर बसवून विचारलं. कुणी म्हणालं पालखी सागाची होती, कुणी म्हणालं बाभळीची. निळं निशाण धरायचा मान कोणत्या घरचा यावर तर थोडी भांडाभांडीच झाली. कागद मात्र कुणाकडे नव्हता. लग्नाच्या एका अल्बममध्ये पालखीचा फोटो निघाला, पण त्यावर तारीख नाही आणि मागे गावाची ओळख पटेल असं काही दिसत नाही. एक आबा बराच वेळ गप्प होते. उठताना म्हणाले, "फादरच्या लोखंडी आलमारीत पाह्य माय. जुने फादर रोजचं रोज लिहून ठेवत."

१७ ऑगस्टला दुपारी फादरांनी आलमारी उघडली. जुनाट कागदाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. आमच्या भागात सुरुवातीला फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातल्या आन्सीहून आलेले सेंट फ्रान्सिस डी सेल्सचे मिशनरी होते. नागपूरचा धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या हाताखालचा भाग, १८८७ मध्ये झाला आणि त्यातून अमरावती वेगळा झाला १९५५ मध्ये. म्हणून जुने कागद शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की १९५५ आधीचं काही पॅरिशमध्ये सापडलं नाही तर नागपूरला विचारायचं. आमच्याकडे दिनचर्येच्या वह्या जागेवर होत्या. आधीच्या फ्रेंचमध्ये, नंतरच्या इंग्रजीत, शेवटच्या दोन मराठीत. फ्रेंच मला येत नाही, पण ८ सप्टेंबर ही तारीख शोधायला भाषा लागत नव्हती. फादर वाचून अर्थ सांगत होते. एका वर्षी नदीला पूर म्हणून पालखी पुलावरून परत. एका वर्षी ढोल वाजवायला शेजारच्या गावचे लोक आले. एका वर्षी फक्त दोनच शब्द: खूप पाऊस.

बाप्तिस्म्याची नोंदवही मी काढायला नको होती, तिचं त्या दिवशी काही काम नव्हतं. पण ती वह्यांच्या खालीच होती.

माझी पणजी दुष्काळातली अनाथ. १८९९-१९०० च्या दुष्काळात मध्य प्रांत-वऱ्हाडात माणसं रस्त्यावर मरून पडत होती, तेव्हा कुणीतरी तिला सिस्टर लोकांच्या दारात आणून सोडलं. एवढंच आम्हाला माहीत. तिला जन्मतारीख नव्हती. आजी सांगायची, ज्या पोरींना वाढदिवस नाही त्या सगळ्यांना सिस्टरांनी सांगितलं होतं, तुमचा वाढदिवस मातेच्या वाढदिवशी. त्या दिवशी प्रत्येकीच्या ओंजळीत गूळ आणि फुटाणे मिळायचे. म्हणून आमच्या घरात ८ सप्टेंबरला गुळाची खीर होतेच, सुतक असो की पैशाची ओढ असो. मला वाटायचं, पोरांना सांगायची ती गोष्ट आहे.

१९०० सालचं एक पान उघडलं. एकाखाली एक अकरा पोरी, एकाच दिवसाच्या. बहुतेकींचं पहिलं नाव मारिया. आईवडिलांच्या रकान्यात लॅटिनमध्ये दोन शब्द, फादरांनी बोट ठेवून वाचले, "पारेंतिबुस इग्नोतिस." म्हणजे आईबाप अज्ञात. पहिल्या ओळीत पूर्ण लिहिलंय, खालच्या दहा ओळींत नुसती वरच्यासारखंच ही खूण. वय अंदाजे. जन्मतारखेची जागा कोरी. सातवी ओळ माझ्या पणजीची. तिच्या लग्नाची नोंद बाजूला समासात आहे, आमच्या पणजोबांच्या नावासह, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. लिहिणाऱ्याचा टाक त्या खुणांपाशी जाड झाला होता, शाई कागदाच्या मागे फुटली होती. मी त्या ओळीवर हात ठेवला आणि काही वेळ मला बोलता आलं नाही. फादर पाणी आणायला उठून गेले.

पुरावा सापडला तो दुसऱ्या दिवशी, मराठी वहीच्या पुठ्ठ्यात खोचलेला. १९८६ ची परवानगी. टाइप केलेली, गोल शिक्का, खाली सही, एक कोपरा उंदरांनी कुरतडलेला. त्यात मार्गसुद्धा होता: चर्च, बाजारओळ, बसस्टँड, नदीघाट आणि परत. मी त्याच्या चार झेरॉक्स काढल्या आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात घातला. तुम्हाला असा कागद सापडला तर मूळ प्रत कुणालाही देऊ नका. दाखवायला सोबत न्या, जोडायला झेरॉक्स द्या.

२३ ऑगस्टला पुन्हा ठाण्यात. या वेळी ठाणेदारांनी आत बोलावलं. त्यांनी १९८६ चं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे चालतं." नकाशा मीच स्केचपेनने काढला होता, अंगणवाडीत काढते तसा, झाडं आणि हापशीसकट. त्यावर त्यांनी लाल पेनने खुणा केल्या. मार्गात आरोग्य केंद्र आहे. दवाखान्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथे स्पीकर पूर्ण बंद. वेळ ४ ते ६. डीजे नाही. गणपतीच्या मंडपासमोर पालखी थांबवायची नाही. लाउडस्पीकर रात्री १० नंतर एरवी चालत नाही, आमचा प्रश्न नव्हता, तरी हमीपत्रात ते वाक्य लिहावं लागलं. अंतिम परवानगी २९ तारखेच्या शांतता समितीच्या बैठकीनंतर.

त्या बैठकीची मला सगळ्यात जास्त भीती होती. ठाण्याच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं, त्यात आम्ही दोघीच बायका. पोळ्याचं, गणपतीचं सगळं बोलून झाल्यावर माझं नाव पुकारलं. मी उभी राहून वाचून दाखवलं, आवाज कापत होता. वाचून झाल्यावर कुणीच काही बोललं नाही. मग आमच्या गावच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष उठला. तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा, माझ्याच अंगणवाडीत पाटीवर गिरवायला शिकलेला. म्हणाला, "बाईची पालखी आमच्या मंडपावरून जाईल तेवढा टाइम आम्ही स्पीकर बंद ठेवतो. काही लिहून द्या लागते का?" ठाणेदार म्हणाले, लिहून दिलं तर बरं. त्याने तिथेच कागद मागून लिहून दिलं. मी खाली बसले तेव्हा माझ्या हातातला अर्ज घामाने ओला झाला होता.

३० ऑगस्टला नोव्हेना सुरू झाला. नऊ दिवस, रोज संध्याकाळी जपमाळ आणि मिस्सा, प्रत्येक दिवस सात घरांकडे. फादर रोज या सणाचं थोडं थोडं सांगत. बायबलमधल्या चार शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, मातेच्या जन्माबद्दल एक ओळही नाही. तिच्या आईवडिलांची नावं, आन्ना आणि योआकिम, ही याकोबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या शतकातल्या एका जुन्या ग्रंथातून आली. सण पूर्वेकडचा, यरुशलेमेतला. सातव्या शतकाच्या शेवटी पोप सर्जियस पहिले यांनी रोममध्ये या दिवशी मिरवणूक काढायला लावली. म्हणजे मिरवणूक या सणाला तेराशे वर्षांपासून जोडलेली आहे. हे ऐकताना मला आमच्या गावच्या त्या कोरड्या नोंदी आठवत होत्या, पूर आला, पाऊस आला, पालखी निघाली.

पोळ्याच्या दिवशी आमच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचे बैलही सजतात. आदल्या दिवशी खांदमळणी झाली, पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले, येताना चर्चच्या फाटकाशी थांबले आणि फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं. हे आमच्याकडे नेहमीचंच.

परवानगी मात्र अजून आली नव्हती. ३ तारखेला फोन केला, साहेब बंदोबस्तात. ४ ला पत्र तयार आहे, सही बाकी. ५ ला फोन कुणी उचलला नाही. इकडे मंडपवाला ॲडव्हान्स मागत होता. त्या रात्री मला झोप आली नाही. परवानगी नसेल तर पालखी कुंपणाच्या आतच फिरवायची, असं फादरांनी शांतपणे सांगितलं आणि ते बरोबरच होतं. ६ तारखेला, हरतालिकेच्या दिवशी, दुपारी अडीचला निरोप आला. चारला ठाण्यात पोचले, पत्र घेतलं, सही केली. बसस्टँडवर येऊन वाचलं तर तारीख ८ ऑक्टोबर. तशीच परत पळाले. त्यांनी लगेच दुरुस्त करून बाजूला सही-शिक्का दिला. पण मी ते घरी येऊन वाचलं असतं तर शनिवारी गणपतीच्या गर्दीत कुणी भेटलं नसतं. कोणतंही पत्र टेबलावरून उचलायच्या आधी तारीख, वेळ, मार्ग, नाव वाचा, मागे कितीही रांग असो.

८ तारखेची मिस्सा सकाळी दहाला. त्या दिवसाचं शुभवर्तमान मत्तयाच्या पहिल्या अध्यायातलं, येशूची वंशावळी. अब्राहामापासून योसेफापर्यंत नावंच नावं. दरवर्षी लोक त्या वेळी जरा चुळबुळतात. यंदा फादरांनी हळू वाचलं. नंतर सांगितलं, की या पुरुषांच्या नावांत मरियेच्या आधी चार बायका आहेत, तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको. कुणी परकी, कुणी विधवा, कुणावर गावाने बोट ठेवलेली. मी तिसऱ्या बाकावर आईशेजारी बसले होते. माझ्या मनात सातवी ओळ होती, जिला वर जोडायला एकही नाव नाही.

चारला पाऊस थांबला आणि पालखी उचलली. वाटेत भोई बदलत होते, सोळा जण ठरवले होते, शेवटी तीसेकांनी खांदा दिला. बाजारओळीत एका घरातून म्हातारी बाहेर आली, आमच्या धर्माची नव्हे, हातात तांब्या. तिने पालखीवाल्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि आत गेली. आरोग्य केंद्राच्या अलीकडे साऊंडवाल्याने बटण बंद केलं. गाणं थांबलं नाही, फक्त साधनं थांबली. दोनशे माणसं अगदी खालच्या आवाजात 'नमो मारिये' म्हणत चालत होती आणि पायांखालच्या चिखलाचा आवाज त्याहून मोठा येत होता. बाळंतिणींच्या खोलीच्या खिडकीत एक बाई तान्हं घेऊन उभी होती. पुढे गणपतीचा मंडप आला. स्पीकर बंद होता. पोरं रस्त्याच्या कडेला हात धरून साखळी करून उभी, गर्दी आवरायला. आम्ही थांबलो नाही, पत्रात तसं लिहिलं होतं. सहाला दहा मिनिटं कमी असताना पालखी परत आली.

जेवायला सुमारे चारशे माणसं. वरण, भात, आलू-वांग्याची भाजी, पोळी आणि बुंदी. खर्चाचा अंदाज हवा असेल तर असा आला: मंडप ६,०००, साऊंड ३,५००, फुलं १,९००, किराणा १३,४००, आचारी ३,०००, स्टॅम्प-टायपिंग-झेरॉक्स-बस मिळून ७६०. एकूण २८,५६०. ६२ घरांकडून प्रत्येकी ३०० वर्गणी धरली होती. त्याचे १८,६०० झाले, बाकीचं सणाच्या दिवशीच्या दानातून निघालं. तुरीची डाळ, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि वांगी लोकांनी शेतातून आणून दिली, ती या हिशेबात नाही. मजुरीवर जाणाऱ्या चार घरांकडून वर्गणी मागू नये असं माझं मत होतं, पण त्यांनीच आणून दिली. त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही.

रात्री आईकडे गेले. खीर झालीच होती. मोबाईलमध्ये त्या पानाचा फोटो होता. आईला वाचता येतं, पण ती अक्षरं तिच्या ओळखीची नव्हती. तिने विचारलं, "कोणती?" मी बोट ठेवलं. तिने फोटो दोन बोटांनी मोठा केला, इतका की पडद्यावर फक्त ती खूण आणि कोरी जागा राहिली. बराच वेळ पाहत होती. मग फोन मला दिला आणि वाटीत आणखी एक पळी खीर वाढली.

१२ सप्टेंबरला ठाण्यात आभाराचं पत्र देऊन आले, त्याचीही पोच घेतली.  पुढच्या वेळचा अर्ज मी आत्ताच लिहून ठेवला आहे, तारीख तेवढी भरायची आहे. खाली सोबतच्या कागदांत पहिलं नाव सन १९८६ ची परवानगी, दुसरं सन २०२४ ची परवानगी. दोन्ही एकाच पाकिटात, लोखंडी आलमारीत, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीच्या वर.